मशीनचे इतके, नावाचे इतके

मागच्या महिन्यात चष्म्याच्या फ्रेमा आणायला हैदराबादला गेलो होतो. काम लवकर आटोपलं आणि परतीच्या गाडीला तीन तास होते, म्हणून एका मॉलच्या गारव्यात शिरलो. तिथं परदेशी घड्याळांच्या एका शोरूममध्ये काचेखाली निळ्या तबकडीचं घड्याळ दिसलं. किंमत कुठंच लिहिलेली नव्हती. मी विचारली. काळा कोट घातलेल्या विक्रेत्यानं आधी माझ्या बुटांकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि मोठ्या अदबीनं सांगितलं की हे फक्त बघायला ठेवलंय, विकायला नाही. घ्यायचंच असेल तर नाव नोंदवून थांबावं लागेल, आणि नाव नोंदवायच्या आधी आमच्याकडून दुसरी दोन-तीन घड्याळं घेतलेली असली तर बरं.

मी मोठ्यानं हसलो. त्याला वाटलं असणार, म्हातारा उन्हानं बावचळला. त्याच्यावर रागावण्याचं मला तोंडच नव्हतं, कारण तो ज्या नजरेनं माझ्या बुटांकडं बघत होता, त्याच नजरेनं मी लातुरात तीस वर्षं लोकांच्या पायांकडं बघत आलोय. हसू आलं ते अप्पांच्या आठवणीनं. अप्पांनी ते घड्याळ हातात घेतलं असतं तर पहिल्यांदा उताणं केलं असतं आणि म्हणाले असते, "आधी मशीन बघू."

अप्पा म्हणजे शिवमूर्तीअप्पा. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. लातुरात माझ्या चष्म्याच्या दुकानाला भिंतीला भिंत लागून त्यांचं घड्याळांचं दुकान. घराणं उदगीरकडचं लिंगायत, वडील डाळीचे व्यापारी. अप्पांनी डाळ सोडून घड्याळं धरली, पण डाळीच्या आडतीतला एक नियम सोबत आणला. पोत्याचं तोंड उघडून माल दाखवल्याशिवाय सौदा बोलायचा नाही. त्यामुळं घड्याळ घ्यायला कुणी आलं की अप्पा त्याला आधी बसवत, पाणी देत, मग त्याच्यासमोर घड्याळाचं मागचं झाकण काढून आतलं यंत्र दाखवत. त्याला ते मशीन म्हणत. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी तो वाकून बघे, मान हलवे, आणि मगच किमतीची गोष्ट निघे.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती एक गोल वण पडलेला. आवाज कधी चढायचा नाही. फार राग आला तर कानडीतून एकच शब्द, "सुम्मनिरू." म्हणजे गप्प बैस. तोही ते बहुधा स्वतःलाच म्हणत.

सकाळी दुकान उघडलं की पाऊण तास त्यांचं एकच काम चाले. घड्याळांच्या कंपन्या माल पाठवतात तेव्हा सगळे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवलेले असतात. तसे दिसायला बरे दिसतात म्हणे. अप्पांना ते खपत नसे. ते एकेक घड्याळ काढून, चावी देऊन, खरी वेळ लावून पुन्हा काचेत ठेवत. मी एकदा म्हणालो, "अप्पा, कोण बघतंय? विकायला ठेवलेली घड्याळं आहेत." तर म्हणाले, "दुकानात ठिवायचं घड्याळ अन् वेळ दाखवायची खोटी? मंग गिऱ्हाईक आमच्या दुसऱ्या बोलण्यावर कशाला इस्वास ठिवील?" मी आपला चष्म्याच्या काचा पुसत राहिलो.

पण अप्पांची खरी गंमत होती ती घड्याळाला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्यांमध्ये. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी. वरच्या ओळीत 'मशीनचे इतके', खालच्या ओळीत 'नावाचे इतके'. साध्या घड्याळाच्या चिठ्ठीवर खालची ओळ बारकी असे. भारी घड्याळाच्या चिठ्ठीवर वरची ओळ हजारांत आणि खालची तिच्या चौपट. लोक वाचायचे, हसायचे, एकमेकांना दाखवायचे. मी विचारलं, "हे आकडे काढता कसे?" तर म्हणाले, "मशीन उघडली की ती कितीला पडली असंल ते आता हाताला कळतंय. राहिलं ते नावाचं."

कंपन्यांचे फिरते विक्रेते या चिठ्ठ्या बघून हात जोडायचे. अप्पा, एवढं नका करू. अप्पा त्यांनाही पाणी पाजायचे आणि चिठ्ठी तशीच ठेवायचे. यावरून कुणाला वाटेल की मोठ्या नावांवर त्यांचा राग होता. तसं अजिबात नव्हतं. एक वकीलसाहेब यायचे, त्यांना दरवेळी खालची ओळ जास्तीत जास्त असलेलंच घड्याळ लागे. अप्पा हौसेनं बांधून द्यायचे. मी खोचकपणे हसलो तर मलाच समजावलं. "नावाचे पैशे देणं काय पाप हाय का? लग्नात नवं कापड घालतो माणूस, त्यात बी थोडं नावाचंच असतंय. फकस्त देतानी ठाऊक असावं, आपण कशाचे द्यायलोय."

माझ्या दुकानात कारभार उलटा. फ्रेमवर किंमत नसेच. किंमत माझ्या जिभेवर, आणि जीभ गिऱ्हाइकाचे पाय बघून हलायची. कातडी बूट असले तर एक भाव, सँडल असली तर दुसरा, आणि टायरची चप्पल असली तर मी वरचा खण उघडतच नसे. धंद्याची रीत म्हणून मी हे बिलोलीहून, माझ्या काकांच्या दुकानातून शिकून आलो होतो. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

एकदा किल्लारीच्या रस्त्यावर जीप चालवणारा एक माणूस माझ्याकडं गॉगल घ्यायला आला. पायांत धुळीनं भरलेली चप्पल. मी खालच्या खणातले दाखवले. तो वरच्या खणाकडं बोट करून म्हणाला, "ते बघू की." मी म्हणालो, "ते तुमच्या कामाचे नाहीत." तो पायरी उतरला आणि शेजारी अप्पांकडं गेला. मी पायरीवर येऊन उभा राहिलो. माणसाला अशा वेळी दुसऱ्याची फजिती बघायची हौस असते.

अप्पांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं विचारलं, "तुमच्याकडं सगळ्यात भारी कंचं हाय?" अप्पांनी कपाटातून सगळ्यात वरच्या भावाचं घड्याळ काढलं, झाकण उघडून दाखवलं, बंद केलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या मनगटावर बांधलं. मग चहा सांगितला. त्या माणसानं पूर्ण चहा ते घड्याळ हातात घालून प्यायला. डाव्या हातात कप धरला होता, घड्याळ नीट दिसावं म्हणून. मग ते काढून परत दिलं, "लई झ्याक हाय," म्हणाला आणि गेला.

मी अप्पांना म्हणालो, "तो काय घेणार होता?"

"न्हाई. घ्यायचं न्हवतंच त्याला."

"मग?"

"बघायचं व्हतं. बघणाऱ्याला दाखवायचं, घेणाऱ्याला द्यायचं. बघणाऱ्याला हाकललं तर त्याला दुकान कशाला म्हणायचं, तिजोरी म्हणा." एवढं बोलून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, आणि काम करता करता खालच्या मानेनंच म्हणाले, "बिलोलीकर, तुमी चष्मे डोळ्याचे विकता. अन् बघता मातर पायाकडं."

ते वाक्य मी पुढं पुष्कळांना हसत हसत सांगितलं. त्या दिवशी मात्र हसलो नव्हतो.

अप्पांची एकुलती एक मुलगी शिवलीला, आमची लीला. लहानपणी शाळा सुटली की वडिलांच्या टेबलाशेजारी बसून ती बारके स्क्रू डबीत लावत बसे. मोठी झाल्यावर लग्न होऊन पुण्याला गेली, तिथं घड्याळांच्या एका मोठ्या शोरूममध्ये सात वर्षं नोकरी केली. लग्न टिकलं नाही. ती परत आली आणि अप्पांच्या दुकानात बसू लागली. आपली गल्ली कशी असते ते काय सांगायचं. तिला नाव असून कुणी नावानं बोलेना. 'अप्पांची परत आलेली पोरगी' एवढीच तिची ओळख. दुकानात लोक तिच्याशी न बोलता तिच्या डोक्यावरून अप्पांशी बोलत. ती सगळं गिळत होती, पण आतून पेटली होती.

तिनं एका बड्या कंपनीची एजन्सी मिळवायचं मनावर घेतलं. वर्षभर पत्रं लिहिली, दुकानाचे फोटो पाठवले, मुंबईला खेटे घातले. फरशी बदलली, दिवे बदलले. शेवटी पत्र आलं, तेव्हा ते घेऊन ती आधी माझ्या दुकानात आली. पाकिटावरचा पत्ता मला दाखवला. "काका, बघा. अप्पांचं नाव नाही, माझं आहे." तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. अप्पांनी पत्र वाचलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "लई केलंस बाई."

मग कंपनीचे साहेब आले. त्यांनी नियम सांगितले. काचेत किंमत दिसता कामा नये. सगळे काटे दहा वाजून दहावर. मोजक्या नगांचं जे घड्याळ निघालंय ते मागेल त्याला द्यायचं नाही, कोणाला द्यायचं ते कंपनी ठरवेल. किमती वर्षातून दोनदा वाढतील, कमी कधीच होणार नाहीत. साहेब म्हणाले, "किंमत उतरली की इज्जत उतरते." अप्पांनी विचारलं, "कुणाची?" साहेबांना ते ऐकू गेलं नसावं. ते पुढं सांगत होते की गिऱ्हाइकांच्या तीन रांगा करायच्या, अ, ब आणि क. माणूस गाडीतून उतरतो कसा, पायांत काय घालतो, यावरून अंदाज येतो. क मधल्या लोकांशी सभ्यपणानं वागायचं, पण वेळ घालवायचा नाही.

"मी कंच्या रांगेत?" अप्पांनी विचारलं.

साहेब हसले. "अप्पा, तुम्ही तर मालक."

"तसं न्हाई. मी घड्याळ घ्यायला आलो तर?"

साहेबांची नजर एकवार धोतरावरून चपलांपर्यंत गेली आणि त्यांनी चहाचा कप उचलला. लीलाची मान खाली होती. अप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. त्याच दुपारी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं सोडवल्या, बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा फळीवर ठेवला. मागच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल लावून ते तिथं बसू लागले. मला फार वाईट वाटलं. पण लीलाकडं बघितलं की तेही बोलवत नसे, कारण आता लोक तिला मॅडम म्हणून हाक मारत होते.

सात-आठ महिने असे गेले. मग एके दुपारी किल्लारीकडचे माणिकराव पाटील आले. उसाचे मोठे बागायतदार, पण अंगावर साधं धोतर आणि मांडीवर कापडी पिशवी. मुलीचं लग्न नांदेडच्या मुलाशी ठरलेलं. बोलणी झाली तेव्हा मुलाकडच्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवून सांगितलं होतं, जावयाला हेच घड्याळ. तेच मोजक्या नगांचं, निळ्या तबकडीचं. किंमत पावणेदोन लाख. माणिकराव पैसे घेऊन आले होते.

लीलानं आदल्या आठवड्यातच त्यांच्यासाठी कंपनीला लिहिलं होतं. उत्तरात कंपनीनं विचारलं होतं, हे गृहस्थ काय करतात, यापूर्वी आमची कोणती घड्याळं घेतली आहेत. दुकानाच्या तिजोरीत तो एक नग होता, पण 'अ' रांगेतल्या कुणासाठी तो राखून ठेवलेला, आणि त्या माणसानं तीन महिन्यांत तोंड दाखवलं नव्हतं.

"ताई," माणिकराव म्हणाले, "लगीन पंधरा दिवसावर आलंय. पैशे रोख हायेत. कंपनीला आमचं काय वावडं हाय?"

लीलानं खुर्ची पुढं सरकवली. ती म्हणाली, "पाटीलकाका, बसा. मी साहेबांशी बोलून बघते." आणि फोन घेऊन ती बाहेर, माझ्या दुकानाच्या पायरीवर आली. मी ऐकत होतो. ती गयावया करत नव्हती, भांडत होती. शेती म्हणजे कमी असतं का, हा माणूस उद्या चार गिऱ्हाइकं आणेल, मी माझ्या नावावर सांगते. अर्धा तास ती उन्हात उभी होती.

इकडं आत अप्पांचं लक्ष दाराकडं गेलं. माणिकरावांनी चकचकीत फरशी बघून चपला बाहेरच काढल्या होत्या. अप्पा टेबलावरून उठले. "पाटील, चपला घालून या आत. हे देऊळ न्हाई." माणिकराव ओशाळून चपला घालून आले. अप्पांनी त्यांना पाणी दिलं. माणूस इतक्या लांबून आलाय, निदान डोळ्यांनी तरी बघू दे, म्हणून तिजोरीतून ते घड्याळ काढलं. हातात घेतलं, उताणं केलं, आणि चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. मागचं झाकण उघडलं.

त्या घड्याळाचं झाकण कंपनीनं मोहोर लावून बंद केलेलं होतं. ते दुकानात उघडलं की ते घड्याळ कंपनीचं राहत नाही. गॅरंटी गेली, आणि एजन्सीच्या करारातलं पहिलंच कलम मोडलं. हे अप्पांना माहीत होतं. लीलानं दहा वेळा वाचून दाखवलं होतं.

ती आत आली तेव्हा हसत होती. मी तिच्या मागोमाग होतो. "पाटीलकाका, हो म्हणाले साहेब. तुम्हालाच द्यायचं म्हणाले." आणि मग तिला टेबलावर उघडं घड्याळ दिसलं.

अप्पांनी हातातल्या झाकणाकडं बघितलं, मग लेकीकडं. "हाताला ध्यानात ऱ्हायलं न्हाई गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

माणिकरावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते वाकून बघत होते. "लई बारीक काम हाय. किती हो मशीनचे अन् किती नावाचे?" अप्पांच्या चिठ्ठ्यांची कीर्ती किल्लारीपर्यंत गेलेली होती. अप्पांनी खरं ते सांगितलं. माणिकराव म्हणाले, "मशीन चांगली हाय अप्पा. पर मांडवात मशीन कोण बघतंय? मला नावच पायजे. पोरगी द्यायची हाय." अप्पांनी झाकण लावलं, गॅरंटी आता राहिली नाही हे त्यांना समजावून सांगितलं, तरी त्यांना तेच हवं होतं. तेव्हा अप्पांनी फळीवरचा डबा काढला, एक जुनी चिठ्ठी उलटी केली आणि मागं लिहिलं. 'हे घड्याळ बंद पडलं तर अप्पा जिवंत हाय तवर अप्पा बघील.' खाली सही केली.

माणिकराव गेल्यावर मी म्हणालो, "झाकण तर नीट बसलंय. कुणाला कळणार आहे?" लीलानं पटकन अप्पांकडं बघितलं. तिच्या मनात ते आलं होतं, एवढं मला दिसलं. अप्पांनी मान हलवली. "फाडलेलं पोतं कितीबी शिवा, शिवण दिसतीच." त्यांनी तिच्याकडून फोन लावून घेतला आणि साहेबांना स्वतःच सांगितलं.

महिन्याभरात कंपनीची माणसं आली आणि पाटी उतरवून घेऊन गेली. गल्ली बघायला जमली होती. पाटी टेम्पोत चढत असताना लीला अप्पांना हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्ही घड्याळ नाही उघडलं. माझं नाव पुसलं." अप्पा टेम्पो वळेपर्यंत तिथंच उभे राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "पोरीनं साहेबाला नमवलं व्हतं, बिलोलीकर. पोरगी जितली व्हती. मी हारवली." अप्पांची चूक होती, आणि ती चूक न करणारा माणूस अप्पा झालाच नसता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचा त्रास मला आजही होतो.

दुकान पुन्हा पहिल्यासारखं झालं, पण चिठ्ठ्या परत लागल्या नाहीत. अप्पांनी तो डबा खाली काढलाच नाही. आता आपल्याला तो अधिकार राहिला नाही असं त्यांना वाटत असावं. बापलेक एका दुकानात बसून दिवसाला चार वाक्यं बोलत, तीही पट्टा आणि सेलची.

वर्षभरानं अप्पा एका सकाळी पहिल्यांदाच माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आले. "नंबर वाढलाय वाटतं. बघा." मी बघितलं. नंबराचं काम नव्हतं. उजव्या डोळ्याचा पडदाच झिजला होता. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो, त्यांनी सांगितलं की यावर चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. परत येताना अप्पा रिक्षात म्हणाले, "लीलाला सांगू नका." लीलाला केव्हाच कळलं होतं. अप्पा घरी गेले की त्यांनी दिवसभरात अर्धवट सोडलेली घड्याळं तीच पुरी करत होती, आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्या हातून झाली असं दाखवत होती. मी दोघांचंही गुपित राखलं. माझ्या धंद्यात तेवढं एक काम मी प्रामाणिकपणे केलं.

पुढं डावा डोळाही मंदावला आणि अप्पा काउंटरच्या अलीकडं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसू लागले. तिथं त्यांना मी शेवटचं पाहिलं.

नांदेडहून एक तरुण जोडपं आलं होतं. नवरा आधीच चिडलेला. त्याच्या हातात तेच निळं घड्याळ, बंद पडलेलं. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रानं परत पाठवलं होतं, हे बाहेर उघडलेलं आहे, आम्ही हात लावणार नाही म्हणून. बायकोनं पर्समधून चिठ्ठी काढली. माणिकरावांच्या लेकीनं ती जपून ठेवली होती.

"इथं अप्पा कोण आहेत?" त्यानं विचारलं.

अप्पांनी खुर्चीतूनच हात पुढं केला. घड्याळ घेतलं, उताणं केलं, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मी माझं दुकान सोडून तिथंच उभा होतो. मग अप्पांनी घड्याळ काउंटरच्या पलीकडं धरलं. "मला दिसत न्हाई आता. तू बघ."

लीलानं लगेच हात पुढं केला नाही. त्या कंपनीच्या घड्याळाला ती त्या दिवसापासून शिवलीच नव्हती. मग तिनं ते घेतलं आणि त्या नवरा-बायकोला म्हणाली, "बसा. पाणी घ्या." तिनं झाकण उघडलं, भिंग हातात घेतलं, पण डोळ्याला लावण्याआधी उघडं घड्याळ त्या मुलापुढं फिरवलं. "आधी तुम्ही बघून घ्या." तो वाकला. वर्षाहून जास्त मनगटावर घालून फिरला होता, आत काय आहे ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. त्याची बायकोही वाकली.

"कमान गेली का?" अप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा. तेल सुकलंय."

"मंग हलक्या हातानं."

"हो अप्पा."

तासाभरात ते सुरू झालं. लीलानं ते आधी अप्पांच्या कानाशी धरलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. पैसे देताना तो मुलगा चिठ्ठी हातात धरून घुटमळला. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यानं परत एकदा वाचलं, अप्पांकडं बघितलं आणि त्याला पुढचं विचारवेना. अप्पाच हसले. "इचारा की. म्हातारा किती दिस पुरणार, असंच ना?"

लीलानं त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली, खाली एक ओळ लिहिली आणि अप्पांसाठी मोठ्यानं वाचली. "अप्पा जिवंत हाय तवर अप्पा. त्याच्यानंतर शिवलीला."

अप्पांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "नाव केवढं लिवलंस?"

"तुमच्याएवढंच."

"मोठं लिव. गिऱ्हाइकाला दिसाया पायजे."

तिनं फळीवरचा डबा खाली काढला, आतली दुसरी चिठ्ठी उलटी केली आणि सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत. अप्पांनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." त्यांनी चिठ्ठीसाठी हात पुढं केला, ओल्या शाईवर अंगठा टेकवला, आणि निळा झालेला अंगठा धोतराला न पुसता तसाच मांडीवर ठेवून ते बसून राहिले.